रामघाटावरची खुराक

काशीहून परत आले तशा शेजारच्या वहिनी गडू घेऊनच दारात उभ्या राहिल्या. गंगा आणलीस का, विश्वनाथाचं दर्शन नीट झालं का, नावेतून फिरलीस का? गंगा आणली होती, ती दिली. बाकीच्या प्रश्नांना काय उत्तर देणार? आठ दिवसांतला बराचसा वेळ मी रामघाटावरच्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर पत्र्याच्या चार डब्यांपुढे बसून काढला. डब्यांत किडे होते आणि ते माणसांनी खावेत म्हणून वाढवले होते. हे सांगितलं असतं तर वहिनींनी गंगासुद्धा परत केली असती. म्हणून सांगण्यापेक्षा लिहून काढते. ज्यांना काशीची देवळं हवीत त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

गेले होते ते सुलभासाठी. पुण्याला हॉस्टेलात तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. ती शास्त्राची, मी मराठीची. तिच्या बाटल्यांतली झुरळं आणि माझी व्याकरणाची पुस्तकं एकाच फळीवर असायची. मग ती लग्न होऊन काशीला गेली. सासरचं घर मूळचं आपलंच, पण सात-आठ पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन रुजलेलं. अठरा वर्षांत ती महाराष्ट्रात दोनदा आली आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी तेराव्याला. कोल्हापूरला माझ्याकडे एकदाही नाही. पत्रं मात्र महिन्याला एक, न चुकता. लग्नात सोडलेलं संशोधन तिने चाळिशीला टेकल्यावर पुन्हा हाती धरलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असायचं, "थीसिस झाली की येते."

गेल्या दिवाळीत मात्र पत्र आलं ते तारीख घेऊन. मे महिन्यात घरची सगळी इंदूरला अण्णांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, बहिणीकडे जाणार. प्रयोगाचं शेवटचं वजन फेब्रुवारीत होणार. "अख्खा मे तुझा," असं तिने लिहिलं होतं. ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पण मेपर्यंत मला धीर धरवेना, आणि शाळेत साठलेली रजा होतीच. १९९६ चा फेब्रुवारी. मुंबईहून गाडी पकडली आणि निघाले.

शनिवार, रामघाट

रिक्षा चौकापर्यंतच येते. पुढे गल्ली, मग गल्लीतली गल्ली, मग बैल आडवा उभा असल्यामुळे थांबणं. सुलभा माझी पिशवी घेऊन पुढे चालत होती आणि बोलत होती. मी तिचं बोलणं ऐकत होते, पण खरं सांगायचं तर ते तपासत होते. सतरा-अठरा वर्षं मराठी शिकवल्यावर ती खोड जात नाही.

"थकली असशील ग. आधी नाश्ता कर, मग आराम. पानी गरम केलंय. आणि जरा सांभाळून, सीढी ऊंची आहे."

"पायरी उंच आहे," मी म्हटलं.

"हो तेच."

ती थांबली, वळली, आणि हसून मला मिठी मारली. तिच्या पदराला कोंड्याचा वास येत होता. गिरणीत उभं राहिलं की येतो तसा. केस कानांवर पिकले होते. मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी बैलाला हाकलू लागले.

घरात माणसं तीनच. सुलभा, बँकेत असलेले तिचे यजमान वसंतराव आणि अण्णा. मुलगी लखनौला शिकते. अण्णा पंचाहत्तरीचे, जन्मभर वेदपाठशाळेत शिकवलेले. मला पाहून त्यांनी "यावं, कुमुदबाई, प्रवास सुखाचा झाला ना?" असं इतक्या जुन्या, स्वच्छ मराठीत विचारलं की मी नमस्कारच केला. अशी मराठी आता कोल्हापुरातही कुणी बोलत नाही. तिथल्या घरांची गंमतच आहे. आजोबांची मराठी पेटीत जपून ठेवलेल्या शालूसारखी आणि सुनांची रोजच्या वापरातली, ठिकठिकाणी हिंदीचं ठिगळ लावलेली.

नाश्त्याला चूडा-मटर होतं, म्हणजे आपले पोहेच, पण कोवळ्या मटारात तुपावर परतलेले. वर मातीच्या पुरव्यात मलइयो, दुधाचा केशरी फेस. तोंडात घालेपर्यंत असतो, मग नसतो. मी दोन पुरवे संपवले आणि तिसऱ्याकडे बघत होते तेवढ्यात सुलभा म्हणाली, "चल, आधी वर चल. माझी पोरं बघ."

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला एक खिडकी, खाली गंगा. भिंतीशी पाटावर चार पसरट डबे, जाळीची झाकणं लावलेले. तिने एक झाकण काढलं. कोंडा जरासा हलत होता. तिने बोटांनी तो बाजूला केला आणि पिवळ्याधमक, गुळगुळीत, करंगळीच्या निम्म्या लांबीच्या अळ्या वर आल्या. आणखी काही दिवसांत त्या कोशात जातात आणि त्यातून काळे भुंगेरे निघतात. खायच्या त्या अळ्याच. मिर्झापूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या वस्त्यांमध्ये लाकडातल्या अळ्या भाजून खातातच. तर नुसत्या कोंड्यावर घरच्या घरी अशा अळ्या वाढवता आल्या तर तिथल्या पोरांच्या पोटात थोडं सत्त्व जाईल, असं तिच्या सरांचं म्हणणं. आणि सुलभाचा प्रश्न असा, की कोंड्याच्या जोडीला काय दिलं तर त्या लवकर आणि जास्त भरतात?

"हा पहिला डबा. ह्याला फक्त चोकर, कोंडा ग. दुसऱ्याला चोकर आणि सत्तू. तिसऱ्याला यीस्ट. आणि चौथ्याला," तिने माझ्याकडे बघणं टाळलं, "मेतकूट."

"कुठलं मेतकूट?"

"तुझंच ग."

दर दिवाळीला मी घरी डाळी भाजून, दळून, वस्त्रगाळ करून तिला मेतकूट पाठवते. मऊभातावर घालून ती ते खात असेल, खाताना माझी आठवण काढत असेल, असं मी चार वर्षं समजत होते.

"आणि आवडतं का त्यांना?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"नाही ना. हींगमुळे असेल. त्या कोपऱ्यात जाऊन बसतात." मग माझा चेहरा बघून तिने घाईने सांगितलं, "सगळं नाही दिलं. आधं मीच खाते."

रविवार, सोमवार

दोन दिवस आम्ही फिरलो, पण तिच्या वेळापत्रकात बसेल तसं. सकाळी डब्यांतलं ऊन-गारठा बघून झालं की शिंदे घाटावर जायचं. तिथलं महादेवाचं देऊळ एका बाजूला कलून निम्मं पाण्यात गेलेलं आहे आणि त्याच्या शेजारी लोक खुशाल दात घासत बसलेले असतात. पलीकडे मणिकर्णिका. धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे आला की सुलभा बोलता बोलता पदर नाकाला लावायची, वाक्य मात्र तोडायची नाही. कोल्हापुरात आम्ही स्मशानावरून जाताना आवाज खाली आणतो. इथे कढईत कचोऱ्या फुगत असतात आणि शेजारून तिरडी जात असते.

मला तिच्याशी बोलायचं होतं. म्हणजे अठरा वर्षांचं. ती मात्र घाटाच्या पायऱ्यांवर बसून मला अळ्यांच्या कातीबद्दल सांगायची. चेहरा उजळून जायचा तिचा. मी ऐकायची. शेजारी बसलेल्या माणसाची आठवण येऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तिची फार आठवण येत होती.

अण्णा गमतीचे. घरात किडे पाळायला त्यांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. एक, डबे तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचे नाहीत, स्वैपाकघराच्या तर वाऱ्यालाही नाहीत. दुसरी जास्त कडक.

"सूनबाईंचे सर म्हणत होते, अंड्याचं टरफल कुटून घाला, सुकी मासळी घाला," त्यांनी मला जेवताना सांगितलं. "मी म्हटलं, या घरात राहायचं असेल तर त्यांनाही शाकाहारीच राहावं लागेल. ते यीस्ट काय असतं, त्याची मी आठ दिवस चौकशी केली. मग परवानगी दिली."

"आणि पुढे माणसं त्या अळ्यांनाच खाणार, त्याचं काय, अण्णा?"

"ते या घराबाहेर," अण्णा म्हणाले आणि भातावर निमोना वाढून घेतला. ताज्या मटाराची ती आमटी सुलभा फार सुंदर करते. मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली बाई, पण त्या निमोन्याच्या मी तीन वाट्या घेतल्या.

सोमवारी संध्याकाळी तिने मला सगळं नीट समजावलं. दहा आठवडे ती हे डबे सांभाळत होती. शनिवारी अळ्यांचं शेवटचं वजन. ते आकडे लिहिले की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पूर्ण. सर जूनअखेर निवृत्त होतात, त्याआधी प्रबंध त्यांच्या सहीने गेला पाहिजे. नाही गेला तर नवे सर, नवा विषय, म्हणजे संपलंच.

"शनिवारी वजन झालं की मी मोकळी," ती म्हणाली. "मग मे."

"मग मे," मी म्हटलं.

मंगळवार, बुधवार

मंगळवारी पहाटे तिला सरांबरोबर जीपने त्या डोंगरातल्या वस्तीवर जावं लागलं. अचानक ठरलं. बुधवारी संध्याकाळी परत. वसंतराव अळीला हात लावत नाहीत, अण्णांना दोन जिने झेपत नाहीत. म्हणून डबे माझ्याकडे. मी झोपलेली होते, तेव्हा उशाशी चिठ्ठी ठेवून गेली.

"कुमुद, दोन्ही दिवस दुपारी चारही डब्यांना एक एक खुराक दे. ताखावर ठेवली आहे. गाजराच्या चकत्या पण. झाकणं नीट लाव. तुझी सुलू."

वाचून मी हसले. ताखा म्हणजे कोनाडा, ते कळलं. पण "खुराक ठेवली"! खुराक तो असतो, ती नव्हे. पुण्याला माझ्या शेजारी बसून शुद्धलेखनाचे नियम पाठ करणाऱ्या मुलीचं काशीने हे केलं. चिठ्ठीवर मी पेन्सिलीने 'ठेवला' अशी दुरुस्तीसुद्धा केली. खोटं कशाला सांगू?

आता आमच्या कोल्हापुरात खुराक म्हणजे काय, ते शेंबडं पोरही सांगेल. तालमीतल्या पैलवानाचा खुराक. थंडाई, बदाम, तूप, दुधाची कासंडी. भाकरी-आमटीला कुणी खुराक म्हणत नाही. अंगात ताकद यावी म्हणून वरून जे भरभक्कम देतात तो खुराक. म्हणजे अळ्यांचा खुराक कोणता, हे उघडच होतं.

कोनाड्यात गाजराच्या चकत्यांखेरीज दोन गोष्टी होत्या. एक मोठी बरणी, तपकिरी पिठाची, बाहेर 'यीस्ट' लिहिलेलं. आणि दोऱ्याने बांधलेल्या कागदी पुड्या, आठ. पुड्यांवर एक ते चार आकडे. एक हुंगून बघितली तर हिंगाचा वास. अण्णा वैद्याकडून पचनाची चूर्णं आणतात, ती सुलभाने ओल लागू नये म्हणून वर ठेवली असणार. मी त्या पुड्या उचलून, दोन जिने उतरून, अण्णांच्या औषधांच्या फडताळात नीट ठेवून आले. केवढी व्यवस्थित बाई!

मग खुराक घातला. एकेका डब्याला एकेक वाटी, शीग लावून. पहिल्या डब्यातल्या अळ्या बाकीच्यांपेक्षा बारीक दिसत होत्या. बिचाऱ्यांना नुसता कोंडा. त्यांना मी आणखी अर्धी वाटी जास्त घातली.

बुधवारी दुपारी बघितलं तर पहिल्या डब्यात नुसती धांदल. अळ्या वर येऊन पीठ खात होत्या. मला इतकं बरं वाटलं! सुलभाला सांगायचं, बघ, दोन दिवसांत कशी टरारली तुझी पोरं. पुन्हा वाट्या भरल्या.

बुधवार, संध्याकाळ

ती आली ती थेट वर गेली. मी चहा घेऊन मागून गेले. पहिल्या डब्याचं झाकण तिच्या हातात होतं आणि ती वाकून बघत होती.

"हे काय घातलंस?"

"खुराक."

"कोणती खुराक? पुड्या कुठे आहेत?"

"त्या अण्णांच्या चूर्णाच्या?"

"पुड्या ग! मोजून ठेवल्या होत्या. नंबर टाकून. एक एक डब्याची एक एक खुराक." तिचा आवाज चिरकला. "खुराक म्हणजे डोस! एक वेळचा! पहिल्याची पुडी फक्त चोकरची होती."

तिकडे औषधाच्या एका घोटालाही खुराक म्हणतात. दवा की दो खुराक. हे मला त्या क्षणी कळलं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं, त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल. मी म्हटलं, "पण तू 'ठेवली' लिहिलंस. खुराक पुल्लिंगी आहे."

तिने बोटांनी कोंडा उपसला, पीठ खालपर्यंत झिरपलेलं होतं. पहिला डबा हा सगळ्या प्रयोगाचा पाया. त्याला काहीच द्यायचं नव्हतं, म्हणून बाकीच्यांना दिल्याला अर्थ होता. हे तिने मला शनिवारी सांगितलं होतं, रविवारी घाटावर सांगितलं होतं. मी ऐकत होते असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी तिच्याकडे नुसती बघत होते.

"चाळून काढू," मी म्हटलं. "दोनच दिवस तर झालेत. कुणाला कळणार आहे?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग झाकण लावलं आणि चहा न घेता खाली गेली. चिठ्ठी तिथेच पाटावर होती, माझ्या दुरुस्तीसकट. मी ती फाडून खिडकीतून टाकली.

गुरुवार

सरांकडे मीही गेले. मीच हट्ट केला. माझ्यामुळे झालं हे मीच सांगितलं पाहिजे असं मला वाटलं. विद्यापीठाच्या आवारात त्यांचं लहानसं घर, बाहेर तुळस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला चहा दिला, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"देखिए बहनजी," ते म्हणाले, "जिसको कुछ नहीं दिया, वही तो बताता है कि बाकी को क्या मिला. अब वो डिब्बा कुछ नहीं बता सकता."

मग ते सुलभाकडे वळून हिशेब सांगू लागले. बाकीच्या तीन डब्यांतही यीस्ट गेलेलं. चारही नव्याने लावावे लागतील. आता भुंगेऱ्यांची अंडी घेऊन सुरुवात केली तर अळ्या निघून, पुढे दहा आठवडे जाऊन मेअखेर वजन होईल. जूनमध्ये ते सही करू शकतील, जेमतेम. पण एप्रिल-मेमधली काशी म्हणजे भट्टी. अळ्या उकाड्याने मरतात. खोलीला खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावून दर दोन तासांनी त्यांवर पाणी मारावं लागेल, दिवसभर, रोज. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर ते काम सोडता येणार नाही.

"दुसऱ्या कुणाच्या भरवशावर" म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सज्जन माणूस.

"बघते," सुलभा म्हणाली. "विचार करून सांगते."

परत येताना सायकलरिक्षात आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो. कशाचा विचार करायचा होता तिला, ते मला चांगलं ठाऊक होतं. एका बाजूला प्रबंध, दुसऱ्या बाजूला मला दिलेला मे महिना. मी माझ्याच हाताने दोन्ही एकमेकांसमोर आणून उभे केले होते.

घरी अण्णा वाट बघत बसले होते. त्यांच्या फडताळात सापडलेल्या आठांपैकी सात पुड्या त्यांनी समोर मांडल्या होत्या. आठवी त्यांनी ताकातून घेऊनही टाकलेली होती, मेतकुटाचीच, नशीब. मी त्यांच्यापुढे बसले आणि रडले.

"कुमुदबाई," ते म्हणाले, "पाठशाळेत कुणी चुकला तर आम्ही त्याला चुकलेलं अक्षर दुरुस्त करू देत नाही. अध्याय पहिल्यापासून म्हणायला लावतो. आधी रडतात, मग म्हणतात. सूनबाई म्हणतील."

शुक्रवार, गंगेपार

शुक्रवारी सकाळी सुलभाने मला उठवलं. "चल, बहरी अलंग."

काशीच्या माणसाला गावाचा कंटाळा आला की तो नावेत बसून पलीकडच्या तीरावर जातो. तिकडे वस्ती नाही, घाट नाहीत, नुसती वाळू. दिवसभर तिथे राहायचं, न्हायचं, गोवऱ्यांवर बाट्या भाजून खायच्या, संध्याकाळी परत. त्याला म्हणतात बहरी अलंग. आपल्याकडे सहलीलाही कारण लागतं, देव नाही तर धबधबा. इथे गावाकडे पाठ केली की झालं.

तिच्या पिशवीत सत्तू होता, कणीक होती, एक लहान लोखंडी कढई होती आणि पहिला डबा होता.

"याचं आता काय करायचं?" ती म्हणाली. "थीसिसला तर चालत नाही."

वाळूवर नावाड्यानेच गोवऱ्या पेटवून दिल्या. साठीचा माणूस, अंगावर फाटका स्वेटर. सुलभाने अळ्या पाण्यात धुतल्या, गरम कढईत टाकल्या, आणि त्या तडतडू लागल्या. वर मीठ, मिरपूड. वास आला भाजलेल्या शेंगदाण्यांचा. ती नुसती बघत राहिली. चार वर्षं तिने या अळ्यांवर काम केलं होतं आणि एकदाही तोंडात घातली नव्हती. घरात ते शक्यच नव्हतं.

"आधी तू," ती म्हणाली.

मी सुकट-जवळा आवडीने खाते. एक उचलली आणि खाल्ली. कुरकुरीत. आधी फुटाण्यासारखी, मग थोडी जवळ्यासारखी. चांगली होती. मी दुसरी घेतली. मग सुलभाने डोळे मिटून, जपाला बसल्यासारखा चेहरा करून एक तोंडात टाकली, चावली, आणि डोळे उघडले.

"अग, चांगली लागते!"

"ई का ह, बहिनजी?" नावाडी वाकून बघत होता. "झींगा?"

"चोकर का झींगा," सुलभा म्हणाली आणि त्याच्या हातावर मूठभर ठेवल्या. त्याने एकदम तोंडात टाकून शांतपणे चावून खाल्ल्या. मग जरा विचार करून म्हणाला, "नीक बा. तनी नून कम बा."

सुलभाने पिशवीतून वही काढली आणि खरोखर लिहून घेतलं, 'नमक कम'. मग ती हसायला लागली. हसता हसता वाळूत आडवी झाली. पुण्याला रात्री दिवे गेल्यावर आम्ही अशाच हसायचो आणि वॉर्डनबाई दार वाजवायच्या. मी तिच्या शेजारी आडवी झाले. समोर नदीपलीकडे सगळे घाट, मणिकर्णिकेचा धूर, बारीक बारीक माणसं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ज्यासाठी मी गेले होते ते मला त्या वाळूवर तास-दीड तास मिळालं, आणि ते मिळत असतानाच संपत आलंय याचीही जाणीव मला होत होती.

रविवार, स्टेशन

शनिवारी काही झालं नाही. वजन होणार होतं तो दिवस आम्ही डबे घासण्यात घालवला.

रविवारी ती मला गाडीवर पोचवायला आली. बाटीचा डबा, अण्णांनी दिलेला प्रसाद, वहिनींसाठी गंगा, सगळं बाकाखाली लावून झालं. गाडी सुटायला वेळ होता. ती खिडकीशी उभी राहिली आणि गज धरून म्हणाली, "कुमुद, मी तुला शब्द दिला होता. अठरा वर्षांत एक शब्द दिला. तू सांग. मे महिन्यात कोल्हापूरला येते, की पुन्हा डबे लावते? तू म्हणशील तसं करते. सच्ची."

तिला मी ओळखते. मी म्हटलं असतं "ये", तर ती आली असती. प्रबंध सोडून आली असती आणि पुढे कधी त्याबद्दल एक अक्षर बोलली नसती. घरी मी तिच्यासाठी गादी नवी भरून घेतली होती. पहिल्या दिवशी रंकाळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळा, तिसऱ्या दिवशी कुठेच नाही, नुसतं गच्चीवर बसायचं, हे सगळं ठरवून झालं होतं. तीस दिवसांचं ठरवलं होतं. माझं वय काही आता कमी होत नाही, आणि घरातली सगळी एकदम इंदूरला जातात असा मे पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक.

"डबे लाव," मी म्हटलं.

तिने एकदा तरी आग्रह करावा, असं मला वाटत होतं. एकदा तरी "नको ग, येतेच" म्हणावं. पण ती "लावू ना?" म्हणाली आणि तिचा चेहरा इतका उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग ती घाईघाईने सांगू लागली. खस चौकातून घ्यायचा नाही, महाग पडतो, वसंतरावांच्या ओळखीचा एक जण आहे, ताट्या दोन लागतील, कदाचित तीन, पाण्याचा पीप वरच ठेवून घ्यायचा.

गाडी हलली तरी ती खिडकीबरोबर चालत ताट्यांबद्दलच सांगत होती, आणि मी "हो, हो, तीनच घे" म्हणत मान हलवत होते.